साहेबांची डबल बेल

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं. ते वापरायची परवानगी मी कधी मागितली नाही. पण ‘प्रिय विद्यार्थिनीस’ लिहिलं असतं तर तुला आठवीचा वर्ग आठवला असता, आणि नुसतं खरं नाव लिहिलं असतं तर पत्र वकिलाच्या नोटिशीसारखं दिसलं असतं. तुझ्या बाबांशी लग्न करूनही मी तुझी बाईच राहिले; तेव्हा हेच राहू दे.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी कायम झाली, आत्यांच्या घरातून निघून तू स्वतंत्र खोली घेते आहेस, एप्रिलच्या आत साहेबाला न्यायला येणार आहेस, आणि घरमालकीणबाईंची एकच अट आहे, ती म्हणजे कुत्र्यानं घरात घाण करता कामा नये. ‘तो शिकलेलाच आहे, त्यामुळे अडचण नाही,’ ही तुझी शेवटची ओळ. अडचण त्याच ओळीत आहे.

साहेब पुन्हा घरात करू लागला आहे.

घाबरू नकोस. विषय मोठा रंजक आहे, आणि नीट समजून घेतला तर त्यात भिण्यासारखं काही नाही. पिल्लू शिकतं तेव्हा वास्तविक दोन स्वतंत्र गोष्टी शिकतं : धरून ठेवणं आणि कळवणं. आपण दोन्हींना मिळून ‘शिस्त’ म्हणतो आणि तिथेच आपला गोंधळ होतो. साहेब आता दहा महिन्यांचा आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं आठवी-नववीतला मुलगा. त्या वयाबद्दल बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. सातवीपर्यंत वहीला कव्हर घालणारी, हात वर केल्याशिवाय न बोलणारी मुलं एके दिवशी सगळं विसरल्यासारखी वागू लागतात. ती काहीच विसरलेली नसतात. रक्तात नवी रसायनं आलेली असतात, आणि मेंदूतला ‘थांब’ म्हणणारा भाग अजून कच्चा असतो. त्यात नर कुत्रा असेल तर उभं दिसेल त्यावर पाय वर करून तो आपली सही करत सुटतो. कपाट, चपलांची मांडणी, एकदा माझी छत्री.

जनावरांच्या डॉक्टरांकडून लघवी तपासून आणली. जंतुसंसर्ग नाही, खडा नाही. ‘घरात नवीन काही घडलंय का?’ असं त्यांनी विचारलं. मी त्यांना वयात येण्याचं रसायनशास्त्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या मांजराला आत बोलावलं.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना अर्थातच सगळं कळलं आहे. काल जिन्यात हसून म्हणाल्या, ‘‘काय हो बाई, तुमचे साहेब हल्ली घरूनच काम करतात म्हणे!’’

घरमालकीणबाईंना सांग की कुत्रा सुशिक्षित आहे, सध्या उजळणी चालू आहे. मार्चअखेर तो तयार असेल. हा शब्द मी देते.

साहेबाचं ओलं नाक या कागदाला लागलं आहे. कोपऱ्यातला डाग तो.

— बाई


मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

आत्यांनी तुझा निरोप सांगितला : ‘फोन करू नका, लिहा.’ फोनवर मी लांबण लावते हे मला ठाऊक आहे. कागदावर निदान तुला पान उलटून पुढे जाता येतं.

पद्धत अशी. साहेबाला मी पुन्हा दोन महिन्यांचं पिल्लू समजायला लागले आहे. झोपून उठला की खाली, खाल्लं की खाली, खेळून दमला की खाली. मी शाळेत असते तेव्हा शिंपीणबाईंची सून मधल्या सुटीच्या सुमारास त्याला फिरवून आणते. घरातली सगळी दारं बंद. त्याला फक्त बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर. खाली योग्य जागी केलं की तिथल्या तिथे, शेपूट खाली यायच्या आत, कौतुक. घरात केलं तर एक अक्षर बोलायचं नाही. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारणं हे अडाणीपणाचे प्रकार आहेत. त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की माणसांसमोर करू नये, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतो. शाळेत मार खाल्लेली मुलं अशीच खोटं बोलायला शिकतात.

माझी पहिली चूक रसायनशास्त्रातली निघाली, आणि ती मला फार झोंबली. न्हाणीघरासाठी जे उग्र द्रावण आणतो त्यानंच मी फरशी घासत होते. त्यात अमोनिया! लघवीतही तोच वास. म्हणजे मी रोज फरशी घासून साहेबाला जणू लेखी आमंत्रण देत होते : इथेच करावे. एवढी वर्षं मुलांना अमोनियाचं सूत्र घोकायला लावलं आणि स्वतःच्या नाकाखालचा अमोनिया ओळखता आला नाही. आता डॉक्टरांकडून विकरं, म्हणजे एन्झाइम, असलेलं द्रावण आणलं आहे. ते वास झाकत नाही, वासाचा मूळ पदार्थच तोडून टाकतं. ते ओतावं, मुरू द्यावं, घाई करू नये. बाटली तुझ्यासाठीही घेऊन ठेवते.

कपाट आणि चपलांची मांडणी त्यामुळे सुटली. एक जागा मात्र सुटत नाही : मुख्य दारासमोरचं पायपुसणं. आधी तो तिथे जाऊन बसतो, दाराकडे तोंड करून, परीक्षेला बसल्यासारखा ताठ. मग मान वळवून माझ्याकडे बघतो. पुन्हा दाराकडे.

पहिल्यांदा असा बसलेला दिसला तेव्हा मी उत्तरपत्रिका तशाच टाकल्या, त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं. मग त्याला बिस्किट दिलं. आता रोजच देते. तुझे बाबा गेल्यापासून या घरात कुणी उघडपणे वाट बघत नाही. मी तर नाहीच. निदान त्यानं तरी बघावी. त्यानंतर थोड्या वेळानं तो तिथेच करतो. डॉक्टर म्हणतात, दुःखानंही असं होतं. मी पायपुसणं धुवायला टाकते.

त्यांच्या वस्तू मी एका खोक्यात भरून माळ्यावर ठेवल्या आहेत. खाकी जाकीट, उन्हाचा चष्मा, डबा, दारावरची बेल. तुला हव्या असल्या तर साहेबाबरोबर ने.

साहेब आत्ता माझ्या पावलांवर झोपला आहे, म्हणून उठून टपालपेटीपर्यंत जाता येत नाही. उद्या टाकीन.

— बाई


रविवार, २ मार्च

खारू,

तुझी एकच ओळ आली. ‘तो बेल देत नाही का?’

कागद उलटून बघितला. मागे काही नव्हतं. काही असायची गरजही नव्हती.

त्या बेलबद्दल तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही. शाळेच्या बसवर यायच्या आधी तुझे बाबा ज्या शहर-बसवर ड्रायव्हर होते ती भंगारात निघाली, तेव्हा त्यांनी तिची बेल मागून आणली, दोरीसकट. ती त्यांनी आपल्या दाराला दोन स्क्रूंनी बसवली आणि दोरीची गाठ पिल्लाच्या तोंडाला येईल एवढी खाली सोडली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. तुम्ही दोघं बापलेक आठवडाभर जमिनीवर लोळून त्याला ती दोरी ओढायला शिकवत होतात. मी मधून मधून सूचना करत होते आणि तुम्ही दोघंही त्या ऐकत नव्हतात. मग एक दिवस साहेबांनी आपण होऊन डबल बेल दिली आणि तुझे बाबा पहिला घास ताटात ठेवून उठले.

‘‘अहो, जेवण तरी संपवा,’’ मी म्हटलं. ‘‘तो थांबेल जरा.’’

‘‘बेल पडली की ड्रायव्हरनं का म्हणून विचारायचं नसतं, बाई,’’ ते चपला शोधत म्हणाले. ‘‘गाडी काढायची.’’

ते गेल्यानंतर साहेब बेल देतच होता. बेल मला सोसत होती. बेलनंतरचं सोसेना. दोन टोले पडायचे आणि मग ‘चला साहेब’ ऐकू यायचं नाही, चपलांचा फरफटण्याचा आवाज यायचा नाही. मी आतल्या खोलीत हात थांबवून बसायची. म्हणून एका सकाळी ती उतरवली. त्या सकाळी मला वाटलं होतं की मी आवराआवर करते आहे.

म्हणजे तो बिचारा दारापाशी जायचा, दोरी शोधायचा, दोरी नाही. मग ताठ बसून दाराकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा दाराकडे. याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? ‘बाई, मला जायचंय.’ आणि मी त्याच्या गळ्यात पडून रडायची. वर बिस्किट! शोक करतो आहे म्हणून. तो बिस्किट खायचा, कारण तो सभ्य आहे, आणि अगदी असह्य झालं की पायपुसण्यावर करायचा, कारण दाराच्या त्याहून जवळ जाता येत नव्हतं.

धरून ठेवणं आणि कळवणं. पहिल्या पत्रात मीच तुला लिहिलं होतं. त्याचं कळवणं मी खोक्यात भरून माळ्यावर ठेवलं, आणि धरून ठेवण्यावर दोन पत्रं खर्ची घातली.

तुझे बाबा गेले त्या दिवशी दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. तू विचारलंस, ‘‘बाबा कसे आहेत?’’ मी तुला हृदयाची झडप म्हणजे काय, ती नीट मिटली नाही तर रक्त मागे कसं येतं, शस्त्रक्रियेत नेमकं काय बदलतात, हे सगळं सांगितलं. फार व्यवस्थित सांगितलं. तू मध्येच म्हणालीस, ‘‘बाई, बाबा कसे आहेत?’’ मी डाव्या कप्प्यापासून पुन्हा सुरुवात केली. तुला कळलं नसेल असं मला वाटलं.

दोनदा विचारलं होतंस. ‘निघून ये’ एवढंच म्हणायचं होतं. दुपारची गाडी तुला मिळाली असती.

पुढे लिहिता येत नाही. स्टूल आणून खोकं खाली काढते आहे.

— बाई


शनिवार, १५ मार्च

चि. खारूताईस,

बेल जुन्याच भोकांत बसली. दोरी थोडी लांब पडली, कारण साहेब उंच झाला आहे. गाठ एक वीत वर घेतली.

तो लगेच सुधारला असं समजू नकोस. मधल्या काळात तो दारापाशी बसला की बिस्किट मिळतं हे शिकला होता, आणि कुत्र्याला काही शिकवायला लागतो त्यापेक्षा शिकवलेलं पुसायला जास्त वेळ लागतो. पहिले काही दिवस त्यानं दोरीकडे बघितलंसुद्धा नाही. मग मी रोज खाली निघण्याआधी स्वतः ती ओढू लागले. दोन टोले, आणि लगेच दार. दोन टोले, लगेच दार. मध्ये श्वासाएवढंही अंतर नको. कारण आणि परिणाम एकमेकांना चिकटून आले तरच ते मेंदूत एकत्र बसतात. पहिल्या दिवशी माझा हात दोरीवर गेला आणि तिथेच राहिला. साहेबानं हात चाटला. मग ओढली.

आणि मग त्यानं स्वतः दिली! मी कणीक मळत होते. दोन टोले, चांगले खणखणीत. मी तशीच पिठाच्या हातांनी धावले, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्यात तुझ्या बाबांची. खाली पोचल्यावर त्यानं एवढा वेळ लावला की मला वाटलं टाकी रिकामी होते आहे. मी टाळ्या वाजवल्या. खिडकीतून शिंपीणबाई ओरडल्या, ‘‘बाई, धुळवड खेळलात की काय?’’ मी म्हटलं, ‘‘पीठ आहे हो!’’ ‘‘असू दे, असू दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बऱ्याच दिवसांनी तुमचा आवाज वर चढलेला ऐकला.’’

आता त्याला त्या दोरीची सत्ता कळली आहे. गल्लीतून मांजर गेलं की बेल. वरच्या मजल्यावर कुणी मासळी तळली की बेल. वयात आलेला मुलगा कायद्याचा दुरुपयोग करून बघणारच. तरी मी दर वेळी उठते. खाली नेते, आपल्या झाडापाशी उभी राहते, काही झालं नाही तर गप्पागोष्टी न करता परत. ‘तुमच्या घरातून बस सुटते का हो दर तासाला?’ असं शेजारी विचारतात. सुटते.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे, ती टाळून मी आधी मांजर आणि मासळी लिहिली. पायपुसणं कोरडं राहिलं की मला आनंद होतो, आणि लगेच मी उरलेले दिवस मोजू लागते. तो तयार झाला म्हणजे तू येणार, आणि तू आलीस म्हणजे तो जाणार. ‘अजून तयार नाही’ एवढं लिहिलं असतं तर तुझ्या घरमालकीणबाईंनी नको म्हटलं असतं, आणि तू माझ्यावर विश्वासही ठेवला असतास. हे वाक्य मी मनात दोनदा तयार केलं. चांगलं तयार झालं होतं.

साहेब तयार आहे. येऊन घेऊन जा.

— बाई


शुक्रवार, २८ मार्च

चि. खारूताईस,

रविवारी दुपारी येते आहेस, पोचलं. त्याचं अंथरूण धुतलेलं नाही, ते मुद्दाम. नव्या जागी त्याला ओळखीचा वास लागेल. पहिल्या दिवशी खोली दाखवायच्या आधी त्याला खालची जागा दाखव. बेल तू तुझ्या हातानं काढून ने. मला स्क्रू सैल करता येतात, पण करणार नाही.

तू जेवणार आहेस का, हे आत्यांकडून कळव. नाही कळवलंस तरी मी करून ठेवीन.

— बाई


सोमवार, ७ एप्रिल

खारू,

त्या रविवारी तू बसली नाहीस. ताट झाकलेलं बघितलंस आणि म्हणालीस, ‘‘गाडी चुकेल, बाई.’’ साहेब तुझ्या अंगावर उड्या मारत होता, त्यामुळे दोघींनाही त्याच्याकडे बघत राहता आलं. तू बाबांचा स्क्रू-ड्रायव्हर कुठल्या खणात असतो ते न विचारता काढलास. बेल उतरवून हातात घेतलीस तेव्हा साहेबानं लोंबणारी दोरी पकडली आणि तुझ्या हातातच दोन टोले दिले. तू म्हणालीस, ‘‘हो रे, निघायचंच आहे.’’ आणि मी काही विचारलं नाही. परत कधी येशील हे ओठांवर होतं. डबल बेल पडली होती, म्हणून दाराच्या बाजूला झाले.

त्यानंतर रोज मी त्याच्या वेळांना उठते. झाडापर्यंत जाते. शिंपीणबाई परवा खिडकीतून काही बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्या थांबल्या म्हणजे बघ.

आज सकाळी तुझं पत्र आलं. ‘घरमालकीण दाराला भोकं पाडू देत नाही. बेल लावलेलीच नाही. मी दुकानात असताना त्यानं तिच्या पायपुसण्यावर केलं, दोनदा. शनिवारपर्यंत सुधारला नाही तर कुत्रा काढा म्हणते. तो रात्रंदिवस दाराकडे बघत बसतो. काय करू, बाई? काय करू?’

हे अगदी अपेक्षित आहे. नव्या जागेत जुने वास नसतात, त्यामुळे शिकलेली सवय काही काळ मागे पडते. तिला आपण विसरणं म्हणत नाही. यावर तीन उपाय आहेत. पहिला : बेल दाराला नको, दाराच्या कडीला अडकवता येते, म्हणजे भोकं पाडावी लागत नाहीत. त्यासाठी साधारण वीतभर लांबीचा एक पट्टा घेऊन त्याला

थांबते.

तू ‘काय करू’ दोनदा लिहिलं आहेस.

दुपारची गाडी मला मिळेल. शाळेत रजेचा निरोप दिला. विकरांची बाटली, पट्टा, कडीला अडकवायचा आकडा, त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर, सगळं पिशवीत भरलं आहे. तू दुकानात असशील तेव्हा साहेबाला मी खाली नेईन; घरमालकीणबाईंशी काय ते मी बोलेन, थोडक्यात बोलेन. तुझ्या खोलीत राहायला येते आहे असं समजू नकोस. राहायची सोय मी बघेन.

हे पत्र पेटीत टाकत नाही, बरोबर आणते. तू दार उघडलं नाहीस तर दाराखालून आत सरकवीन आणि जिन्यात बसेन. तोवर बेल आतल्या कडीला नुसती सुतळीनं बांध; त्यानं ती दिली, की तेवढ्यापुरतं दार उघड आणि साहेबाचा पट्टा माझ्या हातात दे.

गाडी काढते आहे.

— बाई